स्प्लेंडरचे ओरिजिनल पार्ट ओळखायचे कसे?

दुकानात नुसतं "स्प्लेंडरचा एअर फिल्टर द्या" म्हणू नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या प्रदूषणाचे नियम आले, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे नाव तेच असलं तरी बरेच पार्ट बदलले. आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर द्या, काउंटरवरचा माणूस कॅटलॉगमधून पार्ट नंबर काढेल. तो लिहून घ्या, आणि जुना पार्ट सोबत न्याच.

पाकिटावर पार्ट नंबर, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष आणि कस्टमर केअरचा पत्ता असतो. एमआरपीवर स्टिकर चिकटवलेलं असेल किंवा ३०-४० टक्के सूट मिळत असेल, तर घेऊ नका. होलोग्रामचीही नक्कल होते, म्हणून पक्कं जीएसटी बिल मागा आणि त्यावर पार्ट नंबर लिहिलाय का बघा.

ब्रेक शू आणि क्लच प्लेटमध्ये अजिबात तडजोड नको. डुप्लिकेट शूचं लाइनिंग तापून सुटतं आणि चाक जाम होऊ शकतं. क्लच प्लेटचा चुरा ऑइलमध्ये जाऊन जाळी तुंबवतो. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेटसह (चेनच्या दातेरी चाकांसह) पूर्ण सेटच घ्या, झिजलेले दात नवी चेन लवकर खातात. आरसा, फूटरेस्टचं रबर असलं काही चांगल्या लोकल कंपनीचं चालतं.