मार्शमॅलो संपले नव्हते

प्रश्न : ताई, मी सांगलीची. इंडियानात एमएस करतेय, पहिलंच वर्ष. विद्यापीठातून ओळख करून दिलेल्या एका निवृत्त जोडप्याने थँक्सगिव्हिंगला, म्हणजे त्यांच्या आभार मानायच्या सणाला, घरी बोलावलं. मी पूर्ण शाकाहारी. टेबलाच्या मधोमध अख्खी टर्की, स्टफिंग तिच्याच पोटात शिजवलेलं, ग्रेव्ही तिच्याच रसाची. मी ब्रेड, क्रॅनबेरी सॉस आणि रताळी खाल्ली. रताळ्यांच्या ट्रेवर मार्शमॅलोसुद्धा अर्ध्याच भागावर होते, बहुधा संपले असावेत, आणि त्या बाईंनी ट्रे फिरवला तो नेमका कोरडा भाग माझ्यापुढे. मग प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं होतं. मला काही सुचेना, मी 'हवामान' म्हणाले. सगळे हसले. रूममेट म्हणते, हा सण मुळात तिथल्या मूळ रहिवाशांच्या लुटीचा, गेलीसच कशाला? आता ख्रिसमसचंही बोलावणं आलंय. न दुखावता नाही कसं म्हणू?
– उपाशी

उत्तर : उपाशी कसली, आंधळी म्हण.

मार्शमॅलो संपले नव्हते गं. पाकीट उलटं करून वाच. साखर, कॉर्न सिरप आणि जिलेटिन. जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला पदार्थ. त्या पांढऱ्या मऊ गोळ्यांत असलं काही असेल हे तुला माहीत नव्हतं. मला तरी कुठे होतं? भाचीकडे न्यू जर्सीला गेले होते, तेव्हा अर्धं पाकीट फस्त केल्यावर कळलं. त्या बाईंना मात्र माहीत होतं. म्हणजे तू येण्याआधी कधीतरी, बहुतेक चष्मा शोधून, त्यांनी ते वाचलं. एरवी ट्रेभर पसरायचे मार्शमॅलो मध्यावर थांबवले. ओव्हनमध्ये ते फुगून वितळतात, ते तुझ्या बाजूला येऊ नयेत म्हणून मधे थोडी जागाही सोडली असणार. आणि जेवताना अवाक्षर न काढता ट्रे फिरवला.

आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेल्या मावशी जेवायला असल्या, की लसणाची फोडणी पडायच्या आत त्यांच्यापुरती आमटी छोट्या पातेलीत काढून ठेवतात. त्याचा पुकारा कोणी करत नाही. वाढणारी गुपचूप त्यांच्या पानापाशी थांबते, एवढंच. तू सांगलीत हे शंभरदा पाहिलं असशील. तिकडे तेच तुझ्यासाठी झालं, तर तुझी तक्रार काय? कोरडा भाग आला!

टर्की पाहून पोटात ढवळलं असेल, कबूल. पण तासन्‌तास भाजलेलं ते धूड तुझ्याखातर टेबलावरून उठणार नव्हतं, आणि उठावं असं तुलाही म्हणता येणार नाही.

रूममेट खोटं बोलत नाही. 1621 मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथला तिथले मूळ रहिवासी वॅम्पनोआग आणि नव्याने आलेले इंग्रज एका ठिकाणी जेवले; हा सण त्याच जेवणाशी जोडतात. त्यानंतर 60 वर्षंही झाली नाहीत तोवर त्यांच्यात युद्ध पेटलं आणि वॅम्पनोआगांची धूळधाण झाली. 1970 पासून थँक्सगिव्हिंगच्याच गुरुवारी प्लिमथमध्ये मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. हे जरूर वाच, रूममेटपेक्षा जास्त वाच. पण तुझ्या नकाराचं कारण ते नव्हे. तुला लाज वाटतेय ती 'हवामाना'ची. नोव्हेंबर संपत आलाय, इंडियानात झाडावर पान नाही, आणि ही पोरगी हवामानाचे आभार मानतेय! मीही हसले असते, अगदी पदर तोंडाला लावून.

नाही कसं म्हणायचं ते मी तुला शिकवणार नाही. आज त्यांना फोन कर. मेसेज नको, फोन. 'येते' म्हण, आणि रताळ्यांचं मला आत्ता कळलं, एवढं सांग. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे, त्या समजून घेतील. त्या दिवशी तुझी पाळी वाया गेली ना, ती फोनवर पुन्हा घे.

हवामानाचा विषय मात्र काढू नकोस.