पेजेआधी

झिला,

परवा आचरा तिठ्यावर मला बघून तू मेडिकलच्या आडोशाला सरलास. मी बघितलं. राग आला नाही, कारण मी कुणाकुणाला बघून तसा आडोसा शोधलाय ते मला ठाऊक आहे. "काय करतस आता?" या तीन शब्दांची तुला धास्ती. मी ते विचारणार नव्हतो. आमच्या पंपासाठी फूटव्हॉल्व्ह मिळतो का, एवढंच विचारायचं होतं.

तुझ्या आईशी बोलणं झालं. रात्री दोनपर्यंत मोबाईल, सकाळी दहाला उठणं आणि दिवसभर एकच घोळ: मुंबईला जाऊ की इथेच राहू. "होईल रे सगळं चांगलं" असं सांगायला गाव भरलेला आहे, मी सांगणार नाही. मी एवढंच म्हणतो की पेज जेवायच्या आधी, म्हणजे सकाळी अकराच्या आत, एक काम पुरं कर. अर्धं नाही, पुरं.

हसू नकोस. ही अक्कल मला दोन वर्षं घालवून आली.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत कापडगिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, तिथल्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. खोलीचं भाडं परवडेना म्हणून गावी आलो. महिनाभरात संप मिटेल, मग परत जाऊ, असं घरी सांगितलं. आणि बसलो. देवळाच्या पायरीवर, रेडिओच्या बातम्या ऐकत. मुंबईहून गाडी आली की स्टँडवर जाऊन उतरणाऱ्याला विचारायचं, "संप मिटलो काय?" तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. म्हणजे हिशेबाने बघशील तर मी अजून त्या पायरीवर असायला हवा होतो.

दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. आईने पेजेचा वाडगा माझ्यापुढे ठेवला, बाजूला खोबऱ्याची कातळी. घड्याळात साडेअकरा. ती पहाटेपासून लावणीला होती, पोटऱ्यांना चिखल तसाच. बोलली काहीच नाही. नुसती उंबऱ्यावर बसून पाय पुसत होती. ती पेज मला गिळवेना.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीत एकाच्या नर्सरीत गेलो, कोय कलमं बांधायला. कोय रुजून रोप पंधरा-वीस दिवसांचं झालं, पानं तांबूस असली, की शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची. हापूसची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. सालीला साल भिडली पाहिजे, नाहीतर मेलं. माझ्या पहिल्या शंभरात तेरा धरली. मालकाने शिव्या घातल्या, मजुरी कापली. पण त्या दिवशी पेज गोड लागली, खोटं नाही सांगत.

तू म्हणशील, काका, मी डिप्लोमा केलाय, कलमं काय बांधू? मी कुठे म्हणतो बांध? तुझं काम तुझं. एक अर्ज घे. गठ्ठ्याने पन्नास ठिकाणी धाडतोस तो नव्हे. एकच कंपनी, ती काय बनवते ते बघून, तिच्यासाठी लिहिलेला. तो पाठव, मग पेज. डिप्लोमावाल्यांना वर्षभराची अप्रेंटिसशिप असते, विद्यावेतनासकट. "तिच्यात काय मिळतंय" म्हणून नाक मुरडलंस असं कानावर आलं. घरी बसून काय मिळतंय? रात्री वहीत एकच ओळ लिही, आज काय पुरं झालं ती. उद्या काय करणार ते लिहू नकोस. तसल्या याद्या मी 'संप मिटल्यावर' या नावाने पुष्कळ केल्या होत्या.

आणखी एक. बेकार पोरगा म्हणजे वाडीचा फुकटचा गडी. "रिकामोच आसस मां, जरा बँकेत जावन ये." गॅसचा नंबर लाव, सातबारा काढून आण, कुणाचा फॉर्म भर. सगळं कर, पण अकरानंतर. सकाळ कुणाला द्यायची नाही, मलासुद्धा नाही. तोंडावर 'नाही' म्हणता येत नसेल तर माझं नाव सांग, मला तसेही लोक खडूस म्हणतात.

पुढे काही गिरण्या चालू झाल्या, माझ्या खोलीतले दोघे परत कामाला लागले. मी गेलो नाही. मुंबईला घाबरलो, असं आमच्या घरात आजही बोललं जातं. घाबरलो नव्हतो. तीनशे कलमं ऐन धरायला आली होती, टाकून कसा जाणार? हे मी चाळीस वर्षं सांगतोय आणि कुणाला पटत नाही. तुलाही पटायची गरज नाही. तू मुंबईला जा, पुण्याला जा, मला दोन्ही चालेल. पण पायरीवरून उठून जा म्हणजे झालं.

मागच्या अंगणात कोयी रुजल्यात. पानं अजून तांबूस आहेत, आठ दिवसांत हिरवी होतील, मग कलम नीट धरत नाही. माझी नजर आता चिरेवर ठरत नाही. उद्या साताला ये. ब्लेड, पट्ट्या इथे आहेत, मजुरी चालू दराने देईन. पेज इथेच जेव, पण वाफा बांधून झाल्यावर. आणि येताना तो फूटव्हॉल्व्ह बघ.

तुझा,
वरच्या घरचा काका