तुमचे प्रश्न: आईने पंख्याजवळून काय पाहिलं?

मागच्या महिन्यात याच पानावर मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की हृदय बंद पडून परत आलेले पेशंट कधीकधी काहीतरी वेगळंच सांगतात आणि ते ऐकून घ्यायला हवं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी पूर्ण पान त्यालाच देतेय. मी २६ वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं, त्यातली निम्मी आयसीयूत गेली. माणसाची शुद्ध घालवायची आणि परत आणायची हेच रोजचं काम, त्यामुळे ही पत्रं मी दोन-दोनदा वाचली. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न: डॉक्टर ताई, माझी आई ६७ वर्षांची. हॉस्पिटलमध्येच तिचं हृदय थांबलं, पाच-सहा मिनिटं छाती दाबत होते, शॉक दिला आणि ती वाचली. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी म्हणाली, मी वर पंख्याजवळ होते, खाली माझंच शरीर दिसत होतं, तू दारात एका पायात चप्पल घालून उभा होतास. ताई, खरंच माझी एक चप्पल धावताना जिन्यात राहिली होती! बहीण हसली, डॉक्टर म्हणाले औषधांचा परिणाम, आणि आता आई या विषयावर तोंडच उघडत नाही. हे खरं असतं का? (सांगली)

दादा, आधी एक काम करा. आज संध्याकाळी आईजवळ बसा आणि म्हणा, "तू त्या दिवशी सांगत होतीस ते मला परत सांग." मधे प्रश्न विचारू नका, "मग उजेड दिसला का, बाबा दिसले का" असं तर अजिबात नको, कारण आपण विचारलेलं नंतर तिच्या आठवणीत मिसळून जातं. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिहा आणि तारीख टाका.

आता खरं की खोटं. नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी १० हॉस्पिटल्समधल्या अशा ३४४ पेशंट्सना विचारलं, २००१ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यातल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्के लोकांनी, असा काही ना काही अनुभव सांगितला. म्हणजे तुमच्या आई एकट्या नाहीत हे पहिलं त्यांना सांगा, फार मोठा आधार वाटतो. त्याच लेखात एका ४४ वर्षांच्या माणसाची हकीकत आहे, बेशुद्ध अवस्थेत आणला, एका पुरुष नर्सने त्याची कवळी काढून ट्रॉलीच्या खणात ठेवली, आणि आठवड्याभराने तो शुद्धीवर असताना त्या नर्सला बघून म्हणाला की माझी कवळी कुठंय ते याला माहितीय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही येतो. पण ती हकीकत नंतर नर्सने सांगितलेली आहे, त्या माणसाची शुद्ध नेमकी कोणत्या मिनिटाला पूर्ण गेली होती हे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि हेही मला तुम्हाला सांगायलाच हवं.

हे तपासायला सॅम पार्निया या डॉक्टरांनी एक साधी युक्ती केली. छताजवळ फळ्या लावल्या आणि त्यावर चित्रं ठेवली, अशी की फक्त वरून बघणाऱ्यालाच दिसतील. इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रियातली १५ हॉस्पिटल्स, हृदय थांबल्याच्या २०६० घटना, निकाल २०१४ मध्ये आला. वाचले ३३०, मुलाखत देण्याच्या अवस्थेत होते १४०. त्यातल्या दोघांनाच आपल्यावर चाललेले उपचार पाहिल्या-ऐकल्याचं आठवत होतं, एकाचं, ५७ वर्षांच्या गृहस्थांचं, वर्णन बरंचसं जुळलं सुद्धा, पण त्या दोघांच्या जागी फळीच नव्हती! फळीवरचं चित्र आजपर्यंत कुणी ओळखून दाखवलेलं नाही. म्हणून "आत्मा बाहेर पडतो हे विज्ञानाने सिद्ध केलं" असं कुणी म्हणालं तर ते चूक, आणि "सगळे भास, विषय संपला" म्हणणाराही घाई करतोय, कारण हृदय थांबल्यावर मेंदू दिवा विझावा तसा एका क्षणात विझत नाही. २०१३ मध्ये मिशिगनला उंदरांवर प्रयोग झाला, हृदय थांबल्यावर साधारण ३० सेकंद त्यांच्या मेंदूत उलट जास्तच जोरकस लहरी दिसल्या. पुढे २०२३ मध्ये चार मरणासन्न माणसांची नोंद आली, त्यातल्या दोघांच्या मेंदूत तसंच काहीसं सापडलं. शिवाय छाती नीट दाबली तर मेंदूला थोडं रक्त पोचत राहतं, कानावर पडलेलं काही पोचतही असेल. चपलेचं म्हणाल तर कुणीतरी "अहो चप्पल कुठंय तुमची" म्हटलं असेल, किंवा डोळे अर्धे उघडे असतील, किंवा आणखी काही, मी तिथे नव्हते त्यामुळे छातीठोक सांगणार नाही.

पण आईंना ते दिसलं, इतकं मात्र खरं. औषधांच्या गुंगीतले भास मी शेकड्याने पाहिलेत, त्यात माणूस घाबरलेला असतो, बोलणं तुटक असतं, भिंतीवर मुंग्या दिसतात, नळ्या ओढतो, आणि बरा झाला की बऱ्याचदा त्यातलं तुटक-तुटकच आठवतं. हा अनुभव तसा नसतो. लोमेल यांनी दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा गाठलं तर आठवण जशीच्या तशी होती आणि मरणाची भीती कमी झालेली होती.

एक माझंही सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक एसटी कंडक्टर होते, ऑपरेशन टेबलवर हृदय थांबलं, आम्ही परत आणलं. तिसऱ्या दिवशी राऊंडला मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या वेळी रडत होता का हो?" मी म्हटलं स्वप्न पडलं असेल, आराम करा, आणि पुढच्या बेडकडे गेले. ते पुन्हा कधी बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीने सांगितलं की त्यांना मला खूप काही सांगायचं होतं. ते काय होतं ते मला आता कधीच कळणार नाही. तुमच्या बहिणीला हे वाचायला द्या.

प्रश्न: मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, रूमवर राहतो, रात्री दोन-अडीचपर्यंत अभ्यासिकेत असतो. महिन्याभरात चार वेळा असं झालं की जाग आली पण हात-पाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, आणि दोनदा तर मी वर तरंगतोय असं वाटलं. मित्र म्हणतो ही सूक्ष्म देहाची यात्रा आहे, एकजण ११ हजारात कोर्स घेतात. करू का? (पुणे)

नको. ते ११ हजार मेसच्या डब्याला ठेव, बाळा.

गावाकडे याला छातीवर भूत बसणं म्हणतात. झोपेत स्वप्नं पडत असतात तेव्हा शरीर आपले स्नायू सैल सोडून देतं, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरंच पलंगावरून उडी मारली असती. कधीकधी मेंदू आधी जागा होतो आणि स्नायू मागे राहतात, तेवढ्या एक-दोन मिनिटांत स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर चालू राहतं, श्वास जड वाटतो, खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं. जागरण, ताण आणि उताणं झोपणं याने ते वाढतं, तुझ्याकडे तिन्ही असणार. कुशीवर झोप, झोपेची वेळ पाळ, आणि पुन्हा झालं तर घाबरून धडपडू नकोस, पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न कर, हळूहळू सुटतं. दिवसाही अभ्यास करताना एकाएकी झोप कोसळत असेल तर मात्र मेंदूच्या डॉक्टरला दाखव.

आणि तरंगण्याचं म्हणशील तर २००२ मध्ये जिनिव्हात ओलाफ ब्लँके आणि त्यांचे सहकारी एका ४३ वर्षांच्या बाईंच्या फिट्स कुठून सुरू होतात ते शोधत होते. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या थोडं वर-मागे, एका ठिकाणी बारीक करंट दिला. कमी करंटला त्या म्हणाल्या मी गादीत रुततेय, वाढवल्यावर म्हणाल्या मी वरून स्वतःला बघतेय, पण फक्त पाय आणि कमरेखालचा भाग दिसतोय. त्या जागी डोळ्यांची, कानातल्या तोलाची आणि अंगाच्या स्पर्शाची माहिती एकत्र होते आणि "मी इथे आहे" हे ठरतं, तिथे गडबड झाली की "मी" दुसरीकडेच जाऊन बसतो. २००७ मध्ये तर लंडन आणि स्वित्झर्लंडमध्ये ठणठणीत माणसांना नुसता कॅमेरा आणि चष्मा लावून शरीराबाहेर असल्याचा भास करून दाखवला. आता यावरून वरच्या पत्रातल्या सांगलीच्या आईंचा अनुभव पूर्ण उलगडला असं मी म्हणणार नाही, पण तुझा उलगडला.

प्रश्न: परदेशातल्या लोकांना बोगदा आणि प्रकाश दिसतो, माझ्या आजीला म्हणे दोन काळी माणसं न्यायला आली होती आणि "ही नव्हे" म्हणून सोडून गेली. मग खरं कोणाचं? (लातूर)

तुमच्या आजींसारख्या हकीकती आपल्याकडे खरंच गोळा केल्या गेल्यात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हनसन यांनी १९८६ मध्ये उत्तर भारतातल्या १६ जणांचे अनुभव मांडले. त्यात यमदूत येतात, वही घेऊन बसलेल्या माणसापुढे उभं करतात, तो म्हणतो चुकीचा आणला, परत सोडा, आणि कधीकधी त्याच नावाचा दुसरा माणूस त्याच सुमारास गेल्याचंही सांगतात. अमेरिकेतल्या माणसाला परत पाठवतात ते लेकरं लहान आहेत, काम राहिलंय म्हणून. आपल्याकडे कारकुनी चूक निघते! आणखी एक, स्वतःचं शरीर वरून दिसलं असं त्या भारतीय अनुभवांमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, पाश्चात्त्यांमध्ये ते खूप. मला वाटतं अनुभवाचा गाभा काहीही असो, त्याला कपडे आपण लहानपणी ऐकलेल्या गोष्टींचेच चढतात, सावित्रीच्या गोष्टीत यम पाश टाकून सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष ओढून काढतो हे आपण वटपौर्णिमेला दर वर्षी ऐकतोच की. त्यामुळे आजी खोटं बोलत नव्हती आणि तो परदेशी माणूसही नाही.

प्रश्न: ताई, वडील गेले. दहाव्याला घाटावर दोन तास कावळा शिवला नाही. काका सगळ्यांसमोर म्हणाले हिने जातीबाहेर लग्न केलं, त्यात दादांचा जीव अडकलाय. शेवटी दर्भाचा कावळा केला. तेव्हापासून झोप लागत नाही. बाबा खरंच अडकले असतील का? (सातारा)

बाई गं, नाही. 

कावळा सकाळी लवकर खातो, ऊन चढलं की झाडात बसतो, माणसांची गर्दी आणि आरडाओरडा असला की जवळ येत नाही, आणि घाटावर त्या दिवशी आधीच चार पिंड ठेवलेले असतील तर त्याचं पोट भरलेलं असतं. पण तुला पक्ष्याचं शास्त्र नको आहे हे मला कळतंय, म्हणून दुसरं सांगते. दर्भाचा कावळा हा विधीतच आहे ना? म्हणजे ज्यांनी हा विधी घातला त्यांनाही ठाऊक होतं की कावळा कधीकधी येणारच नाही, आणि तेवढ्यावरून घरातल्या कुणाला दोष लागू नये, काम पूर्ण व्हावं, म्हणून त्यांनी गवताची काडी पुढे केली. काकांनी दोष लावला तो त्यांचा राग होता, त्यात तुझे बाबा कुठेच नाहीत. तू लिहिलंयस की शेवटच्या आजारात तेच तुझ्या नवऱ्याच्या हातून औषध घ्यायचे. मग त्यांना काय वाटत होतं हे कावळ्याला कशाला विचारायचं?

त्यांच्या आत्म्याशी बोलून देतो म्हणून पैसे मागणारा कुणी तुझ्यापर्यंत आला, आणि अशा घरी येतातच, तर एक रुपया देऊ नकोस. भीती घालून लुबाडायला लागला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सरळ पोलीस स्टेशनला जा.

प्रश्न: "आपुले मरण पाहिले म्यां डोळां" हा तुकोबांचा अनुभव देहाबाहेरचाच ना? आणि आमच्या नागपूरच्या शारदा प्रकरणाबद्दल आपलं मत? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

सर, माझी आजी वारकरी, तिने मला तो अभंग "मी"पणा मेल्याचा सोहळा म्हणून शिकवला, आणि मी तसाच वाचते. देहातच राहून अहंकार गेलेला पाहणं हे छताजवळून देह पाहण्यापेक्षा फार अवघड आहे.

शारदा प्रकरण, तरुण वाचकांसाठी सांगते, १९७० च्या दशकातलं. तिशीतल्या एक मराठी बाई मधूनच शारदा नावाच्या जुन्या काळच्या बंगाली स्त्रीसारख्या वागायच्या, बंगाली बोलायच्या, मराठी समजत नसल्यासारखं करायच्या. स्टीव्हनसन, पसरिचा आणि आपले वि. वि. अकोलकर यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. बंगालीची थोडी ओळख त्या बाईंना आधीपासून होती हेही त्यात नोंदलंय. काहीजण याला पुनर्जन्म म्हणतात, मला तिथे त्याआधी एक दुखावलेलं मन दिसतं, पण अभ्यास मन लावून झालाय, थट्टा करण्यासारखं त्यात काहीच नाही.

प्रश्न: माझे मिस्टर कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात घरीच आहेत. डाव्या कानाने त्यांना पूर्वीपासून कमी ऐकू येतं, आता तर बोलणंही कमी झालंय. परवा रात्री विचारलं, "पुढे काय असेल गं?" मी काहीच बोलू शकले नाही. काय सांगू? (चिपळूण)

वहिनी, हाच प्रश्न नचिकेत्याने प्रत्यक्ष यमाला विचारला होता आणि यम सुद्धा आधी म्हणाला की याबद्दल पूर्वी देवांनाही शंका होती, तू दुसरं काहीतरी माग, हत्ती-घोडे माग, मोठं आयुष्य माग. तेव्हा तुम्ही गप्प राहिलात यात काही चुकलं नाही.

पुन्हा विचारलं तर त्यांनाच विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" बहुतेकदा माणसाला उत्तर नको असतं, त्याला बोलायचं असतं. भीती वाटतेय का, कशाची, वेदनेची की तुम्ही एकट्या पडण्याची, हे एकदा बोलून झालं की रात्र जरा हलकी जाते. वेदनेची असेल तर लगेच डॉक्टरांशी बोला, मॉर्फिनला घाबरू नका. मला स्वतःला पुढे काही असावंसं वाटतं, पण ते मला वाटतं म्हणून मी तुम्हाला ठामपणे देऊ शकत नाही.

शेवटी शेवटी ते प्रतिसाद देणार नाहीत, तरी बोलणं थांबवू नका. कॅनडात व्हँकुव्हरला २०२० मध्ये अखेरच्या तासांतल्या माणसांच्या मेंदूची नोंद घेतली, ती माणसं हाकेला ओ देत नव्हती तरी त्यांच्यातल्या काहींचा मेंदू आवाजातल्या बदलांना निरोगी माणसासारखाच प्रतिसाद देत होता. अर्थ कळत होता का ते त्यातून समजत नाही, आवाज पोचत होता एवढं दिसलं. त्यामुळे मुलांचं, घरचं, अंगणातल्या आंब्याला मोहर आला की नाही ते, काहीही सांगत राहा. आणि पलंग भिंतीला कसा लावलाय ते बघा, उजव्या बाजूला खुर्ची ठेवायला जागा करून घ्या.