वॉटरफर्डचा डिकँटर? आधी बूड पाहा

प्रश्न : वडिलांनी मुंबईच्या चोर बाजारातून काचेचा एक डिकँटर, म्हणजे मद्य वाढायची बूच असलेली बाटली, आणला होता. विकणाऱ्याने तो आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड गावच्या कारखान्याचा म्हणून दिला. बुडाखाली काही लिहिलेलं नाही. बुचाच्या दांड्यावर बारीक १२ आणि मानेच्या काठावर ७ कोरलेलं आहे. कारखाना कसा ओळखायचा? फोटो पाठवते आहे. – एक वाचक, सांगली

उत्तर : वॉटरफर्डचं नाव जुन्या पैलूदार काचेला सर्रास चिकटतं. दरवेळी त्यात लबाडी असतेच असं नाही. ऐकीव नाव वस्तूबरोबर हातोहात पुढे जातं.

जॉर्ज आणि विल्यम पेनरोज यांनी १७८३ मध्ये काढलेला हा कारखाना १८५१ मध्ये बंद पडला. तिथले म्हणून खात्रीने सांगता येतात ते डिकँटर वेगळे दिसतात. त्यांच्या बुडाखाली 'पेनरोज वॉटरफर्ड' अशी इंग्रजी अक्षरं गोलाकार उठलेली असतात. आयर्लंडमधल्याच कॉर्क गावच्या मालावर 'कॉर्क ग्लास को', बेलफास्टच्या मालावर 'बी एडवर्ड्स बेलफास्ट'. तापलेला काचेचा गोळा उथळ साच्यात फुंकायचे, मग बाहेर काढून आणखी फुगवायचे. त्यामुळे अक्षरं पसरून फिकट होतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि बोट फिरवा. नजरेला न दिसलेलं अक्षर बोटाला लागतं. याच साच्यामुळे बुडाभोवती आखूड उभ्या पन्हळीही उमटतात.

तुमच्या फोटोत पन्हळी नाहीत, खांद्यापासून खालपर्यंत चाकावर पाडलेले चौकोनी पैलू आहेत. म्हणजे शिक्क्याच्या त्या मालातला हा नव्हे. नुसत्या पैलूंवरून वॉटरफर्ड म्हणणं मला मान्य नाही. वॉटरफर्डला सुरुवातीचं काम उभं करणारा जॉन हिल मुळात इंग्लंडमधल्या स्टॉरब्रिजहून कारागीर घेऊन गेला होता. हात तेच, नक्षी तीच. मग पैलूंवरून गाव कसं सांगणार?

वय मात्र सांगता येतं. मानेवर तीन कडी, पसरट ओठ, अळंबीसारखं बूच ही साधारण १८०० ते १८३० ची घडण. तिच्या नकला पुढे भरपूर झाल्या, म्हणून बुडाची कड भिंगाखाली पाहा. खऱ्या वापराची झीज वेड्यावाकड्या दिशांच्या ओरखड्यांची असते. एकाच दिशेच्या समांतर रेघा दिसल्या तर कुणीतरी मुद्दाम घासलंय. आणि तिथेच आम्लाने कोरलेलं 'वॉटरफर्ड' सापडलं, तर ते १९४७ मध्ये नव्याने सुरू झालेल्या कारखान्याचं. झीज खरी निघाली तर वहीत 'इंग्लिश किंवा आयरिश, सुमारे १८००–१८३०' एवढंच लिहा.

आकड्यांचं सांगायचं तर, प्रत्येक बूच त्याच्याच मानेत घासून बसवत आणि जोडी चुकू नये म्हणून दोन्हींवर एकच आकडा टाकत. १२ आणि ७ म्हणजे बूच दुसऱ्या डिकँटरचं. किंमत त्याने उतरते, तरी ते फेकू नका. बहुधा त्याच काळातलं आहे.

प्रश्न : आमच्या डिकँटरच्या गळ्याला चांदीची पट्टी आहे, तिच्यावर नांगर आणि दोन अक्षरं. हाच काच बनवणाऱ्याचा शिक्का का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला चांदी तपासली गेली, आणि ती अक्षरं बहुधा चांदीकाम करणाऱ्याची. काच त्याने बाहेरून विकत घेतलेली असू शकते. शेजारी आणखी एक सुटं अक्षर असेल तर त्यावरून साल काढता येतं. अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही दिसतील असा जवळून फोटो पाठवा. हे अक्षर दरवर्षी बदलतं, अक्षरं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते आणि तेच अक्षर दर फेरीत वेगळ्या वळणाने येतं.