झाडपाल्याचं तेल, लेप आणि खाज : तुमचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टरसाहेब, कपाशी निंदायला गेलो की मान, पापण्या, कोपराची खाच सगळं लाल होतं, रात्रभर खाजवतो. मेडिकलवाल्याने कॅलेंडुलाची हर्बल क्रीम दिली तर अजूनच आग झाली. (चोपडा)

उत्तर : आधी सांगा, बांधावर गाजरगवत किती आहे? थंडीत कमी नि पावसाळ्यात जोर असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावरच. हात लावायचीही गरज नाही, वाळलेल्या गवताची धूळ उडून उघड्या अंगावर बसते, म्हणून तर सदऱ्याखालचं अंग बहुतेक ठीक असतं. आणि गंमत बघा, कॅलेंडुला, शेवंती, झेंडू नि गाजरगवत सगळे एकाच कुळातले, एकाची अ‍ॅलर्जी असली की दुसऱ्याचीही होऊ शकते. म्हणजे चोराच्या भावालाच राखणीला ठेवलं की हो! क्रीम बंद करा, पूर्ण बाह्या घाला, शेतातून आलं की आधी अंघोळ, आणि पॅच टेस्ट, म्हणजे पाठीवर पट्ट्या चिकटवून अ‍ॅलर्जी कशाची ते बघतात, ती करून घ्या.

प्रश्न : सोरायसिसला करंजाचं तेल लावू का काळ्या कुड्याचं? मेव्हणे बावचीचं आणून देतो म्हणतात. (शिरपूर)

उत्तर : करंज लावा, खवले मऊ पडतात, पण नखाने काढू नका, जिथे ओरखडा तिथे नवा चट्टा उठू शकतो. कुड्याची पानं खोबरेलात घालून उन्हात ठेवली की तेल जांभळं होतं, तमिळनाडूकडच्या ‘सिद्ध’ नावाच्या पारंपरिक वैद्यकात ते वापरतात, चालू औषध न सोडता लावून बघायला हरकत नाही. बावची मात्र नकोच. तिच्यात सोरालेन असतं, त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. दवाखान्यात हेच सोरालेन किरण मोजून देतात, आपल्याकडे मे महिन्यातलं ऊन कोण मोजतंय? एक जण बावची चोळून भर दुपारी ठिबकच्या नळ्या जोडत बसला, तिसऱ्या दिवशी ओपीडीत आला तर बाहीच्या वर हात साफ नि खाली टम्म फोड, मधली रेघ अशी की पट्टीने आखलीय.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची, एक्झिमा आहे. सासूबाई म्हणतात कडुलिंब वाटून लाव. (धुळे)

उत्तर : चिघळलेल्या जागी वाटलेला पाला नको, झोंबतो. कोमट पाण्याने अंघोळ, अंग ओलसर असतानाच खोबरेल, मोहरीचं तेल नाही, आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम सांगितलं तितके दिवस. कडुलिंबाचा पाला गव्हाच्या कोठीत टाका, सासूबाईही खूश.