अर्धा किलो म्हटल्यावर सत्तूर कुठं थांबवायचा?

प्रश्न : काका, मी बावीस वर्षांचा. बारावीनंतर मामांच्या मटणाच्या दुकानात लागलोय. सत्तूर आता बऱ्यापैकी चालतो, पण वजनाचा अंदाजच येत नाही. अर्धा किलो मागितलं तर कधी चारशे भरतं, कधी साडेसहाशे. जास्तीचं काढायला गेलं की गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं. रविवारी रांग लागली की घाम फुटतो. मामा म्हणतात, ‘हाताला वजन कळलं पाहिजे.’ ते कसं कळायचं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मामांचं खरं आहे, पण ते अर्धंच सांगतात. हाताच्या आधी बकरं कळावं लागतं.

सकाळी माल टांगला की अख्ख्याचं वजन बघून ठेव. वीस किलोचं जिवंत बकरं असेल, तर मुंडी, पाय, वजडी, कातडं गेल्यावर नऊ-दहा किलो उरतं. दहा किलोच्या मालात मागची एक मांडी दीड किलोच्या आसपास, फरा, म्हणजे खांद्यासकट पुढचा पाय, किलोच्या आत-बाहेर. तुमच्या भागात उस्मानाबादी जातीची बकरी जास्त, त्यामुळं तुझे आकडे थोडे वेगळे निघतील. गर्दी नसलेल्या दिवशी मांडी, फरा, सीना, मान, चाप सुटं सुटं तोलून वहीत मांड. मग मांडीचं अर्धा किलो मागितलं की तुला तिसरा हिस्सा पाडायचा आहे, एवढंच. तो अंदाज कसला, भागाकार झाला!

गिऱ्हाईक मात्र बहुतेक मिक्सच मागतं. ‘दोन चापा टाका, नळी टाका, कलेजीचा तुकडा विसरू नका.’ अशा वेळी नळी, चापा, कलेजी ही नाव घेऊन मागितलेली चीज आधी पारड्यात टाक. त्यानंतर मांडीचं मांस. सीन्याचे चार-दोन बारके तुकडे ओंडक्याच्या कडेला सारून ठेव, ते सगळ्यात शेवटी. पहिल्या झटक्यात काटा चारशे-सव्वाचारशेवर थांबला पाहिजे, पाचशेवर मुद्दाम जायचं नाही. मटण तेवढंच असतं, पण वरून भर घालणाऱ्याकडं गिऱ्हाईक खुशीनं बघतं आणि पारड्यातून उचलणाऱ्याकडं संशयानं. हा धंद्याचा स्वभाव आहे, त्यावर वाद घालू नकोस.

आता हाताचं. बरेच जण नव्या पोराच्या हातात अर्ध्या किलोचं लोखंडी वजन देतात आणि ‘हे लक्षात ठेव’ म्हणतात. मला ते पटत नाही. वजन सारखं असलं तरी लहान वस्तू हाताला जास्त जड लागते. लोखंडाची सवय लागली की मटण हलकं वाटतं आणि तू जास्त तोडतोस. तुझे साडेसहाशे इथूनच येत असतील, तर नवल नाही. त्यापेक्षा अर्धा किलो मटणच पिशवीत बांध आणि येता-जाता उचलत राहा. पुढचा तुकडा काट्यावर ठेवण्याआधी आकडा मोठ्यानं बोल. दुकानातली पोरं हसतील, हसू देत. मनातल्या मनात बोललेला आकडा काटा बघितल्यावर गुपचूप बदलतो.

डोळा फसतो तो हाड आणि चरबीत. गुडघ्याकडचा हाडाचा तुकडा दिसायला एवढासा, पण जड. चरबीचा लोळा मोठा दिसतो आणि भरतो कमी. ‘सुकं द्या, हाड कमी’ म्हणणाऱ्याला ढीग नेहमीपेक्षा थोडा मोठा लागतो, आणि रश्शासाठी हाडाचं नेणाऱ्याला लहान.

खिम्याचं मटण मशीनमध्ये घालण्याआधी गिऱ्हाइकासमोर तोल. थोडं आत चिकटून राहतं, ते तोंडानं सांगून टाक.

रविवारसाठी मांड्या-फरे पहाटेच सुटे करून टांगून ठेव. तुकडे मात्र आधी पाडू नकोस, समोर तोडलेलंच लोकांना हवं असतं.

काट्याकडं बघायची लाज बाळगू नकोस. मामांचा हात कितीही बसलेला असो, पैसे काट्यावरच घ्यायचे. कागद किंवा पिशवी ठेवली की आधी शून्य कर, आकडे गिऱ्हाइकाला दिसतील असे ठेव. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापनशास्त्र विभागाकडून दर वर्षी करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात लावावं लागतं. मामांच्या दुकानातल्या प्रमाणपत्रावरची तारीख उद्या सकाळी बघून घे.