एकच व्यक्ती किती वेळा सरपंच होऊ शकते?

महाराष्ट्रात यावर काहीही मर्यादा नाही. निवडून येत राहिल्यास एकच व्यक्ती चार-पाच वेळाही सरपंच होऊ शकते. राज्यघटनेच्या कलम २४३-ई नुसार पंचायतीची मुदत पाच वर्षांची आहे, पण एका माणसाने किती वेळा पद भूषवावे याबद्दल घटना किंवा ग्रामपंचायत अधिनियम काही सांगत नाही. खरा अडसर आरक्षणाचा. कलम २४३-डी प्रमाणे सरपंचपद अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांसाठी फिरत्या क्रमाने राखीव होते (महाराष्ट्रात महिलांसाठी निम्मी पदे), आणि सोडतीत विद्यमान सरपंच बसत नाही असा प्रवर्ग आला की त्याला थांबावेच लागते. मग तो सदस्य म्हणून उभा राहून उपसरपंच होतो, पंचायत समितीकडे वळतो किंवा पत्नीला उभे करतो. या शेवटच्या वाटेत सह्या आणि जबाबदारी तिचीच. 'सरपंचपती' असे पद कायद्यात नाही, गाव काहीही म्हणो.

मात्र दर वेळी पात्रता नव्याने तपासली जाते. जुन्या पुढाऱ्यांचे पद बहुधा याच गोष्टींवर अडते:

- मागणी बिल मिळाल्यावर मुदतीत न भरलेली घरपट्टी-पाणीपट्टी
- सरकारी किंवा गावठाणाच्या जागेवरचे अतिक्रमण. ते कुटुंबातल्या दुसऱ्याचे असले तरी सुटका नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे
- दोनपेक्षा जास्त अपत्ये (सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मांचा हिशोब)